पाखरांची शिरगणती



पौष महिन्यात गेवराई तालुक्यातील तलवाड्याच्या शिवारातून सकाळी फेरफटका मारला, तर दोन गोष्टी हमखास नजरेस पडतात. रब्बी ज्वारीच्या कणसांत दाणा भरत आलेला असतो, आणि त्या दाण्यावर भोरड्यांची धाड पडलेली असते. काळे डोके, काळे पंख आणि गुलाबी अंग असलेला हा मैनेच्या कुळातला पक्षी शेकड्यांनी, कधी हजारांनी एका शेतात उतरतो. माळ्यावरची राखण करणारी मुले गोफण फिरवतात, पत्र्याचे डबे वाजवतात, आणि थवा ढगासारखा उठून शेजारच्या शेतात जाऊन बसतो.

आता गावातल्या दोन माणसांना विचारा, "काय हो, यंदा पाखरे जास्त की कमी?" ज्याच्या ज्वारीत भोरड्या उतरल्या तो म्हणेल, "उदंड!" ज्याचे शेत वाचले तो म्हणेल, "पूर्वीसारखी पाखरे राहिली नाहीत आता." दोघेही खोटे बोलत नाहीत. पण दोघांच्या उत्तरांतून आपल्या हाती काहीच लागत नाही. माणसाची आठवण ही मोजपट्टी नव्हे. ती आपल्या नुकसानीने लांबते आणि आपल्या विस्मरणाने आखूड होते.

म्हणून पक्षी मोजावे लागतात. आणि मोजल्यावर हाती आलेला आकडा कसा वाचायचा, हेही शिकावे लागते. मोजण्यापेक्षा हे दुसरे काम अवघड आहे. या लेखात मुख्यतः त्याचाच विचार करू.

मोजणीची सुरुवात

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत नाताळच्या सणाला एक विचित्र खेळ चाले. गावकरी दोन पक्ष करीत, बंदुका घेऊन रानात जात, आणि संध्याकाळी ज्या पक्षाच्या ढिगात मेलेले पशुपक्षी अधिक तो पक्ष जिंकला असे ठरे. फ्रँक चॅपमन नावाचे पक्षिशास्त्रज्ञ न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयात काम करीत. त्यांनी सुचविले, की पक्षी मारून मोजण्याऐवजी जिवंतच मोजावेत. २५ डिसेंबर १९०० रोजी २५ ठिकाणी अवघ्या २७ जणांनी अशी मोजणी केली. सुमारे ९० जातींचे, साडेअठरा हजारांच्या आसपास पक्षी नोंदले गेले. ही प्रथा आजतागायत खंड न पडता चालू आहे. आता दोन हजारांहून अधिक ठिकाणी हजारो लोक त्यात भाग घेतात. त्यांतले बहुतेक शास्त्रज्ञ नाहीत. शिक्षक, शेतकरी, गृहिणी, विद्यार्थी अशीच ती माणसे आहेत.

युरोपात १९६७ सालापासून पाणपक्ष्यांची हिवाळी गणना सुरू झाली. आपल्या उपखंडात ती १९८७ मध्ये आली. 'आशियाई पाणपक्षी गणना' या नावाने ती ओळखली जाते. दर वर्षी जानेवारीत स्वयंसेवक नदी, तलाव, धरणे आणि खाडीकिनारे येथे जाऊन पक्षी मोजतात. भारतात या कामाची जुळवाजुळव बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही १८८३ साली स्थापन झालेली संस्था करीत आली आहे.

जानेवारीच का, असा प्रश्न तुम्हांला पडला असेल. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाहुणे पक्षी अजून येतच असतात. आज आपल्या तळ्यावर दिसलेला थवा उद्या शंभर कोसांवर असू शकतो, आणि तोच थवा दोन ठिकाणी मोजला जाण्याचा धोका राहतो. मार्चमध्ये परतीची ओढ लागलेली असते. मध्ये जानेवारीचे काही आठवडे असे असतात की पक्षी आपापल्या जागी बरेचसे स्थिर असतात. शिरगणतीला आलेला कारकून घरातली माणसे घरी असतील अशी वेळ पाहतो ना, तसेच हे आहे.

गोदाकाठचे पाहुणे

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. थोडे वरच्या अंगाला पैठणला १९७६ साली जायकवाडीचे धरण पुरे झाले आणि नाथसागर हा प्रचंड जलाशय तयार झाला. त्याचे पाणी पूर्ण भरले म्हणजे सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर पसरते. पण विस्ताराच्या मानाने त्याची खोली कमी आहे. बुडालेली जमीन सपाट असल्यामुळे पाणी चार बोटे उतरले तरी काठाची कितीतरी दलदल उघडी पडते. माणसाने हा जलाशय शेतीसाठी बांधला, आणि पक्ष्यांनी तो आपला मानला. १९८६ साली तो पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. धरणाचा उजवा कालवा गेवराई तालुक्यातून माजलगावच्या जलाशयापर्यंत पोहोचतो. म्हणजे तलवाड्याच्या परिसरातील पाझर तलाव, नदीतले डोह आणि माजलगावचे धरण ही एकाच साखळीतली कडी आहेत. बदकांच्या पंखांना हे अंतर एका रात्रीचेही नाही.

इथे हिवाळ्यात कोण कोण येते? पट्टकादंब नावाचा राखी हंस येतो. त्याच्या पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे असतात. तो तिबेट, लडाख आणि मंगोलियातील सरोवरांकाठी वीण करतो आणि हिमालय ओलांडून दक्षिणेत उतरतो. त्याच्या पाठीवर छोटी यंत्रे बसवून शास्त्रज्ञांनी त्याचा मार्ग तपासला, तेव्हा काही पक्षी सात हजार मीटरांहून उंच उडाल्याचे आढळले. नारिंगी रंगाचा चक्रवाक येतो. लांब टोकदार शेपटीचे तलवार बदक, फावड्यासारख्या रुंद चोचीचा थापट्या, लहानखुरे चक्रांग बदक ही मंडळी येतात. काठच्या चिखलात तुतवार आणि चिखले पळापळ करतात. आणि वारकरी! काळे अंग आणि कपाळावर पांढरे गंध, म्हणून या पाणपक्ष्याला मराठी माणसाने हे नाव दिले. पैठणहून एकनाथ महाराजांची पालखी आषाढीला आपल्याच जिल्ह्यातून पंढरपूरला जाते. या पाण्यावरच्या वारकऱ्यांची दिंडी मात्र थंडीत मोठी होते. त्यांतले काही बारमाही इथलेच, पण हिवाळ्यात उत्तरेकडून आलेल्यांची भर पडते.

पाण्यापासून दूर, गावातही पाहुणे असतात. परसातल्या भिंतीवर शेपूट थरथरवणारा थिरथिरा, रस्त्यावर तुरुतुरु धावणारा पांढरा धोबी आणि माळावर जमिनीलगत तरंगत जाणारा भोवत्या हे तिन्ही हिवाळी पाहुणेच. मोजायला तळेच हवे असे नाही, हे ध्यानात असू द्या.

एक आकडा, दोन अर्थ

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. समजा, तुमच्या शाळेने एका पाझर तलावावर गणना केली. (हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत.) पहिल्या वर्षी विद्यार्थ्यांचा एकच गट गेला. त्याने गावाकडच्या काठाने दोन तास फिरून ६४० पक्षी मोजले. दुसऱ्या वर्षी उत्साह वाढला. तीन गट गेले, तिन्ही बाजूंनी प्रत्येकी दोन तास फिरले, आणि एकूण ९०० पक्षी भरले. पक्षी वाढले की घटले?

फळ्यावर लिहायला सोपे उत्तर म्हणजे २६० ने वाढले. वर्गातला एखादा चलाख विद्यार्थी म्हणेल, "थांबा! पहिल्या वर्षी एका गटाचे दोन तास, म्हणजे तासाला ३२०. दुसऱ्या वर्षी तीन गटांचे मिळून सहा तास, म्हणजे तासाला १५०. पक्षी निम्म्याहूनही कमी झाले." हा विद्यार्थी पहिल्यापेक्षा पुढे गेला आहे, कारण आकड्यामागचे श्रम त्याने विचारात घेतले. माळावर चालत जाऊन पक्षी मोजताना असा भागाकार उपयोगी पडतो. तिथे दर तासाला किंवा दर किलोमीटरला किती पक्षी दिसले, हेच विचारायचे असते.

पण तळ्याच्या बाबतीत तोही चुकला. तळ्यावरचे पक्षी ही मोजता येण्याजोगी बंदिस्त गोष्ट आहे. तुम्ही सहा तासांऐवजी बारा तास उभे राहिलात म्हणून पाण्यावर दुप्पट बदके येणार नाहीत. खरी अडचण वेगळीच आहे. पहिल्या वर्षी पलीकडचा काठ कुणी पाहिलाच नाही. तिथे एकही पक्षी नसेल किंवा पाचशे असतील. न पाहिलेल्या काठाबद्दल कोणतेही गणित बोलू शकत नाही.

मग ही दोन वर्षांची मेहनत वाया गेली काय? नाही, एक वाट आहे. दुसऱ्या वर्षी गावाकडच्या काठाने फिरलेल्या गटाने आपला आकडा वेगळा लिहून ठेवला असेल, आणि तो समजा ४३० असेल, तर आपण म्हणू शकतो: याच काठावर, तेवढ्याच वेळात, पूर्वी ६४० होते, आता ४३० आहेत. ही तुलना रास्त आहे. पण त्या गटांनी तीन आकड्यांची बेरीज करून फक्त बेरीजच वहीत लिहिली असेल, तर ती वाट बंद झाली. म्हणून पक्षिगणनेचा पहिला नियम असा, की बेरीज शेवटी करावी आणि तिचे घटक कधीही फेकू नयेत. कोणत्या काठावर, किती वाजता, किती जणांनी, किती वेळ मोजले, हे सर्व आकड्याइतकेच मोलाचे असते. माझ्या मते तर थोडे अधिकच. आकडा चुकला तरी त्याचा अंदाज बांधता येतो. कसे मोजले हे हरवले तर आकडा मुका होतो.

आणखी एक शंका राहते. ६४० चे ४३० झाले हा खरा फरक की योगायोग? यावर उपाय साधा आहे. पहिल्याच वर्षी लागोपाठ तीन दिवस त्याच काठावर, त्याच वेळी मोजा. समजा ६४०, ५९०, ७०० असे आकडे आले. तीन दिवसांत पक्ष्यांची संख्या खरोखर फारशी बदललेली नसते. काही पक्षी वेताच्या जाळीत दडले, काही चरायला दूर गेले, कुणाची मोजणी चुकली, एवढ्यानेच हा फरक पडला. म्हणजे पाच-दहा टक्क्यांची वरखाली ही आपल्या मोजणीची रोजची डुगडुग आहे. त्याहून लहान बदलावर निष्कर्ष उभा करायचा नाही. ४३० हा आकडा त्या डुगडुगीच्या पुष्कळ बाहेर आहे. तो दखल घेण्याजोगा.

तळे आटले की पक्षी मेले?

आता निसर्गाचाच एक डाव पाहू. २०१५-१६ साली मराठवाड्यात तीव्र दुष्काळ पडला. माजलगाव धरणातला उपयुक्त साठा संपला. अशा वर्षी एखाद्या कोरड्या तलावावर गणनेला गेलेल्यांच्या तक्त्यात बदकांपुढे शून्य लागणार. मग बदके नाहीशी झाली असे म्हणायचे का? अर्थात नाही. ती दुसऱ्या पाण्यावर गेलेली असतात. बदकाला तालुक्याची हद्द ठाऊक नसते.

याची उलट बाजू अधिक फसवी आहे. दुष्काळात दहा तळ्यांपैकी नऊ आटली आणि तुमचे एकच उरले, तर आजूबाजूचे सगळे पक्षी तुमच्याच तळ्यावर गोळा होतील. तुमचा आकडा तिप्पट होईल, वर्गात टाळ्या पडतील. आणि प्रत्यक्षात जिल्ह्यातले एकूण पक्षी कदाचित घटलेलेच असतील. एका तळ्यावरची वाढ ही नऊ तळ्यांवरची आपत्ती असू शकते.

तिसरा प्रकार तर पहिल्या ऐकण्यात खराही वाटत नाही. पाऊस उत्तम झाला, धरण काठोकाठ भरले, आणि जानेवारीत पक्षी मात्र कमी! असे का व्हावे? चिखले-तुतवार पोहत खाद्य शोधत नाहीत. त्यांना बोटभर पाणी आणि ओला चिखल लागतो. तलवार बदक आणि चक्रांग बदक पाण्यावर तरंगत डोके खाली आणि शेपूट वर करून तळाचे खाद्य टिपतात. त्यांची मान पोहोचेल एवढेच पाणी त्यांना उपयोगी. धरण काठोकाठ भरलेले असले की उथळ कडा पाण्याखाली खोल जाते, आणि या मंडळींसाठी ताटच उचलले जाते. पाणी ओसरू लागले की ते पुन्हा वाढले जाते. म्हणून गणनेच्या तक्त्यात पाण्याची पातळी लिहिण्याचा रकाना असतो. तो रिकामा सोडणाऱ्याने अर्धी गणना फुकट घालवली असे समजा. पातळी मोजायला यंत्र नको. सांडव्याच्या भिंतीवर किंवा एखाद्या ठरावीक खडकावर खूण करून ठेवली की पुरते.

यावरून एक गोष्ट उघड होते. एका तळ्याची गणना त्या तळ्यापुरते बोलते. तलवाडा, गेवराई, माजलगाव, पैठण अशा अनेक ठिकाणी एकाच आठवड्यात, एकाच पद्धतीने मोजले, तरच पक्षी इकडून तिकडे गेले की खरोखरच घटले हे ओळखता येते. स्वयंसेवकांची गरज यासाठीच असते. जिल्ह्यातल्या प्रत्येक पाण्यावर एका सकाळी शास्त्रज्ञ उभा करणे कोणत्याही सरकारला परवडणार नाही. प्रत्येक पाण्याजवळ एक शाळा मात्र बहुधा असतेच.

हजारांचा थवा कसा मोजावा

भोरड्यांचा थवा एक, दोन, तीन करून मोजू लागलात तर वीसपर्यंत पोहोचण्याआधी तो उडून जाईल. इथे अंदाजच करायचा, पण शिस्तीने. थव्याच्या एका टोकाला दहा पक्षी मोजा. ते दहा केवढी जागा व्यापतात हे डोळ्यांत साठवा. तेवढ्याच मापाने शंभराचा तुकडा किती होतो ते पाहा. मग त्या शंभराच्या मापाने सगळा थवा मापत जा: शंभर, दोनशे, तीनशे... थव्याच्या मध्यभागी पक्षी दाट आणि कडेला विरळ असतात, तेव्हा माप एकाच जागेवरून घेऊ नका.

याचा सराव घरी करता येतो. वर्तमानपत्राच्या पानावर मूठभर ज्वारी पसरा. मित्राने पाच सेकंद पान दाखवून झाकावे. तुम्ही आकडा सांगा. नंतर पुन्हा पान उघडून दहा-शंभराच्या मापाने अंदाज करा. शेवटी एकेक दाणा मोजा. तिन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. बहुतेकांच्या पहिल्या अंदाजात मोठी संख्या खऱ्यापेक्षा कमी भरते, असे तुम्हांला दिसेल. थवा जितका मोठा तितकी ही चूक मोठी. वीस-पंचवीस वेळा सराव केला की तुमची चूक किती आणि कोणत्या दिशेची हे तुम्हांलाच कळेल. तीही वहीत नोंदवा. सराव संपल्यावर दाणे कोंबड्यांना टाका.

भोरड्यांची गोष्ट निघाली आहे तर थोडे विषयांतर करतो. मध्य आशियातील गवताळ प्रदेशात हा पक्षी दगडांच्या ढिगांत घरटी करतो आणि पिलांना टोळ व नाकतोडे भरवतो. चीनच्या शिंच्यांग प्रांतात टोळांचा नायनाट व्हावा म्हणून लोकांनी मुद्दाम दगडांचे ढीग रचून याला घरटी करायला जागा दिली. तिथे जो कुरणांचा राखणदार, तोच आपल्याकडे ज्वारीचा चोर. आपल्या शेतात तो नुसता दाणाच खातो की किडेही टिपतो, आणि कोणत्या महिन्यात काय, हा तुमच्यासारख्या शेतकऱ्यांच्या मुलांनी निरीक्षण करण्याजोगा प्रश्न आहे.

शून्याची किंमत

अनेक मुले दिसलेले पक्षी लिहितात आणि न दिसलेले सोडून देतात. "दिसलाच नाही, तर काय लिहायचे?" शून्य लिहायचे.

राजस्थानात भरतपूरच्या तळ्यांवर सैबेरियातून पांढरे क्रौंच येत असत. दर हिवाळ्यात ते मोजले जात. त्यांची संख्या वर्षांमागून वर्षे घसरत गेली, आणि २००१-०२ च्या हिवाळ्यात शेवटची जोडी तिथे दिसली. त्यानंतर तक्त्यात शून्ये आहेत. ती शून्ये नसती, तर आजही कुणीतरी म्हणाले असते, "येत असतील कुठेतरी, आपल्या नजरेस पडले नसतील."

गिधाडांची गोष्ट याहून मोठी आहे. मेलेल्या बैलाभोवती गिधाडांचे जथे जमत, हे तुमच्या आजोबांनी पाहिलेले असेल. १९९० च्या दशकात ते दिसेनासे झाले. भरतपूरलाच १९८० च्या दशकात गिधाडे मोजलेली होती. तिथे पुन्हा मोजणी झाली तेव्हा घसरण केवढी आहे हे आकड्यांनी सिद्ध झाले. पुढे देशभर रस्त्याने फिरून केलेल्या मोजण्यांतून दिसले, की पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात हजारातून एक उरावे इतकी घटली. कारणाचा शोध सुरू झाला. २००४ साली ते सापडले. जनावरांना दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी करीत होते. २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. १९८० च्या दशकात भरतपूरला गिधाडे मोजणाऱ्यांना हे काहीच ठाऊक नव्हते. तेव्हा गिधाडे मुबलक होती, आणि मुबलक पक्षी कशाला मोजायचे असे त्यांनी म्हटले असते तर ते कुणाला वावगेही वाटले नसते. त्यांनी मोजले, म्हणून पुढच्यांना तुलनेसाठी आधार मिळाला.

२०२३ साली 'भारतातील पक्ष्यांची स्थिती' हा अहवाल प्रसिद्ध झाला. तीस हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या तीन कोटींवर नोंदी त्यासाठी तपासल्या गेल्या. ९४२ जातींचा विचार झाला. पण दीर्घकाळातला बदल सांगता येण्याइतकी माहिती फक्त ३३८ जातींची निघाली. त्यांपैकी सुमारे ६० टक्के जाती घटलेल्या आढळल्या. आपल्याकडे हिवाळ्यात येणारी थापट्या, तलवार बदक आणि चक्रांग बदक ही तिन्ही चिंता वाटावी अशा जातींत आहेत. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात तो चाष, म्हणजे नीलपंख, हाही घटला आहे. मोर आणि कोकिळा वाढले आहेत. बीड जिल्ह्यात तर पाटोदा तालुक्यात नायगावला मोरांसाठी अभयारण्यच आहे.

या अहवालातला मला सर्वांत बोलका वाटणारा आकडा साठ टक्क्यांचा नव्हे. ९४२ मधून ३३८ वजा करा. उरलेल्या ६०४ जातींचे गेल्या तीस वर्षांत काय झाले हे सांगता येत नाही, कारण पूर्वी त्या पुरेशा मोजल्याच गेल्या नाहीत.

आकड्याचे पुढे काय होते

पाणथळ जागांच्या रक्षणासाठी इराणमधील रामसर गावी १९७१ साली एक आंतरराष्ट्रीय करार झाला. एखादी जागा जागतिक महत्त्वाची ठरविण्याच्या त्याच्या कसोट्यांपैकी दोन कसोट्या सरळ पक्षिगणनेवर उभ्या आहेत. त्या जागी नेमाने वीस हजार किंवा अधिक पाणपक्षी येत असले पाहिजेत, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येपैकी निदान एक टक्का पक्षी तिथे असले पाहिजेत. 'नेमाने' हा शब्द महत्त्वाचा आहे. एका वर्षीचा मोठा आकडा पुरत नाही. आपल्याच गोदावरीवर, पैठणच्या वरच्या अंगाला नाशिक जिल्ह्यात नांदूर मधमेश्वर आहे. २०२० साली ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले.

लहान तळ्यांना असा मान मिळणार नाही, पण त्यांच्याबाबतही रोज निर्णय होत असतात. २०१७ पासून राज्यात धरणांतला गाळ काढून शेतात टाकण्याची योजना राबविली गेली. दुष्काळी बीडला पाणी हवे आणि शेताला गाळ हवा, याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच, की यंत्राने खोदताना तळ्याची सगळी कडा विहिरीसारखी उभी करायची, की एका बाजूचा उतार तसाच ठेवायचा? उभ्या कडेच्या तळ्यात तुतवाराला पाय टेकायला जागा उरत नाही. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याचीही तीच कथा. खोदकामाच्या आधीची दोन वर्षे आणि नंतरची दोन वर्षे कुणी काठनिहाय मोजणी केलेली असेल, तर ग्रामसभेत "पक्षी कमी झाले असे वाटते" असे म्हणावे लागणार नाही. पूर्वेच्या काठावर आधी इतके आणि नंतर इतके, असे सांगता येईल. त्याने निर्णय बदलेलच असे नाही; निदान कशावर बोलायचे ते ठरेल.

यंदाच्या जानेवारीसाठी

आशियाई गणना जानेवारीत असते. शिवाय फेब्रुवारीत चार दिवसांची 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' नावाची जागतिक गणना होते. २०१३ पासून भारतातले लोकही तिच्यात भाग घेतात, आणि ती शाळेच्या अंगणातूनही करता येते. पंधरा मिनिटे पुरतात.

दुर्बीण असली तर उत्तम. नसली तर ज्या जाती उघड्या डोळ्यांनी खात्रीने ओळखता येतात तेवढ्याच मोजा, आणि बाकीच्या 'न ओळखलेली बदके, अंदाजे सत्तर' अशा लिहा. खोट्या नावापेक्षा हे केव्हाही बरे. सूर्य पाठीशी राहील असे उभे राहा, नाही तर पाण्याच्या चकाकीत सगळी बदके काळीच दिसतील. एकाने मोजावे, एकाने लिहावे, एकाने घड्याळ पाहावे. एका काठावरचा थवा उडून दुसऱ्या गटाकडे गेला तर वेळ आणि दिशा टिपून ठेवा. संध्याकाळी वह्या शेजारी ठेवल्या की तोच थवा दोनदा मोजला गेला का ते उमगते. पक्ष्यांना मुद्दाम उडवू नका. हजारो कोसांवरून आलेल्या पाखराची थंडीतली प्रत्येक उडी त्याच्या अंगच्या चरबीवर चालते.

आणि भोरड्यांसाठी एक वेगळे पान राखून ठेवा. फाल्गुनात पळस फुलला की त्या मधासाठी पळसावर जमतात. म्हणून त्यांना पळसमैना असेही नाव आहे. एप्रिलच्या मध्यापर्यंत त्या निघून जातात. पावसाळा सरताना पहिला थवा कोणत्या तारखेला आला हे लिहिणे सोपे असते, कारण तो दिसला की कळतो. शेवटचा थवा मात्र दिसतो तेव्हा तो शेवटचा आहे हे कळत नाही. त्यासाठी मार्चपासून रोज एक ओळ लिहावी लागते: आज दिसल्या, आज दिसल्या, आज नाहीत.